अंतोनच्या वाट्याचे शब्द

याकोब मकासरे माणूस म्हणून वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तो स्वतः आता ते मानायला तयार नाही. थेरगावात डांगे चौकाच्या मागं त्याचं घर. तिथून दोन गल्ल्या सोडून अंतोन अमोलिकचा फ्लॅट. गेले काही दिवस याकोब भाजीला जाताना लांबचा फेरा मारतो, पण त्या गल्लीत पाय टाकत नाही. समोरून अंतोनची पोरगी आली आणि "काका, तुमचे उपकार कसे फेडू" म्हणाली तर तोंड कुठं लपवायचं, हा प्रश्न आहे.

आणि हा माणूस तोंड लपवणाऱ्यातला नव्हे. चाकणच्या गिअर कारखान्यात त्यानं बत्तीस वर्षं काढली. त्यातली अठरा कामगारांचा प्रतिनिधी म्हणून. शिक्षण दहावी नापास, पण कराराचा मसुदा असा वाचायचा की कंपनीच्या वकिलाला घाम फुटावा. एकदा एका ओळीसाठी त्यानं अकरा दिवस सही अडवून धरली. साहेबानं चहा पाजला, दम दिला, शेवटी हात जोडले. ओळ गेली, मगच सही झाली. तेव्हापासून कारखान्यात पोरं म्हणायची, जे पटत नाही त्यावर मकासरे सही करत नाही. याकोबला हे वाक्य फार आवडायचं. कोणी विसरलं तर तो स्वतःच आठवण करून द्यायचा.

अंतोन शेजारच्या मशीनवर. दोघंही नगर जिल्ह्यातले, दोघंही ख्रिस्ती, आणि इथंच एकमत संपलं. याकोब नेवाशाकडचा प्रोटेस्टंट. बाप मिशनच्या शाळेत मास्तर. घरात भिंतीवर वचनांचं कॅलेंडर, बाकी मूर्ती नाही, चित्र नाही, मेणबत्तीसुद्धा लाइट गेली तरच. अंतोन हरेगावकडचा कॅथलिक. दर सप्टेंबरला रजा टाकून मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, मरियेच्या यात्रेला जाणार म्हणजे जाणार. पाकिटात मतमाउलीचा फोटो, मशीनच्या कपाटात दुसरा, आणि खिशात काळ्या मण्यांची जपमाळ.

"अंतोन्या, तुझं पाकीट उघडलं की आधी बाई दिसती, आधार कार्ड नंतर," याकोब कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा.

"आई आहे ती. तुझ्यासारखं आईला दाराबाहेर उभी नाही करत आम्ही."

"दाराबाहेर कोण करतंय? धन्य बाई होती, देवाचं ऐकणारी होती, मान्य. पण बाईच होती. तिच्यापुढं गुडघे का टेकायचे?"

"काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा येशूच्या कानावर कोणी घातलं? आईनंच ना? का तुमच्या चर्चमंडळीच्या पंचांनी ठराव केला होता?"

"आणि पोरगा काय म्हणाला? बाई, तुझा यात काय संबंध! वाच की जरा पुढचं."

"म्हणाला खरा," अंतोन मिशीत हसायचा, "पण पाण्याचा द्राक्षारस केला का नाही?"

बस हसायची. देहूचा किसन रोज मागच्या सीटवर झोपेत असायचा, तो एकदा एक डोळा उघडून म्हणाला, "आरं, आई ती आईच की. त्यात भांडायसारखं काय हाय?" त्यावर दोघंही एकदम मागं वळून ओरडले, "तू गप रे!" तेवढ्यापुरती अख्खी ख्रिस्ती मंडळी एक झाली.

पण अंतोन नुसता चेष्टेवारी नेणारा नव्हता. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं सरळच विचारलं. "याकोब्या, साहेबाच्या केबिनचं दार तर उघडंच असतं. पोरांना थेट जायला कोणी अडवलंय? मग तुझ्याकडं का येतात?"

"साहेब त्यांचं ऐकत नाही म्हणून."

"मग?"

"मग काय मग! माझा देव साहेब नाही. त्याच्यात आणि माझ्यात येशू आहे, तेवढा बास. अजून मधलं माणूस लागत नाही."

अंतोननं डब्याचं झाकण लावलं. "मधलं माणूस म्हणून नाही रे येड्या. एकट्यानं जायला कसंतरी होतं म्हणून."

याकोबकडं यावर उत्तर होतं. त्याच्याकडं प्रत्येक गोष्टीवर उत्तर असायचं. तेव्हा त्यानं काय उत्तर दिलं ते मात्र आता त्याला आठवत नाही.

दोघं रिटायर झाले. अंतोनची बायको करोनात गेली. एकुलती मुलगी पूनम रावेतला एका शाळेत शिकवते, सासरही तिकडंच. सकाळी शाळेआधी डबा देऊन जायची, रविवारी दिवसभर असायची. मग अंतोनला दम लागायला लागला. आधी जिन्यात, मग बाथरूमपर्यंत जाताना, मग नुसतं बोलताना. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं कडक होत चाललीत. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते दिवसभर घुर्रघुर्र करायचं, आणि अंतोन म्हणायचा, "रिटायर झालो तरी मशीन काही सुटलं नाही, राव."

संध्याकाळी याकोब जाऊन बसायला लागला. सात वाजले की अंतोन जपमाळ काढायचा. आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जपमाळेच्या प्रत्येक मण्याला 'नमो मरिये' म्हणायची. या प्रार्थनेचे दोन भाग. पहिल्या भागात देवदूतानं मरियेला केलेला नमस्कार आणि तिच्या नातेवाइकिणीनं, अलिशिबेनं, तिला दिलेला आशीर्वाद. हे दोन्ही बायबलच्या शुभवर्तमानातलं. दुसऱ्या भागात मरियेला विनवणी, की आम्हा पाप्यांसाठी आत्ता आणि आमच्या मरणाच्या वेळी देवाकडं शब्द टाक. घरात एकानं पहिला भाग म्हणायचा, बाकीच्यांनी दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. पन्नास मणी, पन्नास वेळा. अंतोन म्हणायचा आणि बायको उत्तर द्यायची, चाळीस वर्षं असं चाललं होतं. आता तो दोन्ही भाग एकटाच म्हणायचा आणि पंधराव्या मण्याला तोंडाचा आ करून श्वास ओढत बसायचा.

"देत जा की उत्तर," तो एक दिवस म्हणाला.

"नाही जमणार."

"पाठ तर आहे तुला. बसमध्ये नक्कल करायचास माझी."

"नक्कल वेगळी. मेलेल्या माणसाकडं मागणं मी मागत नाही, अंतोन. मला ते पटत नाही."

अंतोन एकटाच पुढचा मणी म्हणायला लागला. पण दुसऱ्या दिवशी याकोबनं तोडगा आणला. तडजोडी काढण्यात तो तयारच होता. म्हणाला, "हे बघ, पहिला भाग शास्त्रातला आहे. तो म्हणायला माझी हरकत नाही. तो मी म्हणतो, तू दुसरा म्हण. माझ्या तोंडी माझं, तुझ्या तोंडी तुझं. तुझा दम अर्धा वाचला."

अंतोन खोकत खोकत हसला. "मरियेसाठी पण करार करतोस व्हय रे!"

पण करार चालला. चार महिने चालला. याकोब देवदूताचे शब्द म्हणायचा, अंतोन मरियेला हाक मारायचा. एक दिवस याकोबच्या लक्षात आलं की सात वाजायच्या आधीच आपण चप्पल घालून तयार असतो. बायको सुमन म्हणायची, "अहो, उपासनेला कधी एवढी घाई नाही केलीत." तो म्हणायचा, "मी मैत्रीखातर जातो." खरंही होतं. आणि मनात तो स्वतःवर खूश होता. पंथापंथात पाचशे वर्षं जे जमलं नाही ते आपण थेरगावात, दोन खुर्च्यांवर बसून जमवलं, असं त्याला वाटायचं.

नोव्हेंबरात अंतोनला हॉस्पिटलात हलवावं लागलं. जनरल वॉर्ड, नाकातोंडावर मास्क, बोटाला चिमटा, बाजूला आकडे दाखवणारं यंत्र. भेटायची वेळ चार ते सहा. पूनमच्या शाळेत सहामाहीचे पेपर चालू होते. ती दुपारी येऊन गेली होती. म्हणाली होती, "काका, आज तुम्ही आहात ना संध्याकाळी? मला पेपर तपासून उद्या द्यायचेत." याकोब म्हणाला, "तू निवांत जा."

पाच वाजता अंतोननं उशाखालून जपमाळ काढली आणि याकोबकडं बघितलं.

याकोबनं सुरुवात केली. पहिला मणी. देवदूताचा नमस्कार, अलिशिबेचा आशीर्वाद, संपलं. मग अंतोनची पाळी. अंतोनचे ओठ मास्कच्या आत हलले, आवाज आला नाही. बोट त्याच मण्यावर थांबलं. तो याकोबकडं बघत राहिला.

"मनात म्हण," याकोब म्हणाला. "देवाला मनातलंही कळतं."

अंतोननं मान हलवली. नाही. त्यानं मास्क वर केला, श्वास ओढला, आणि फाटक्या आवाजात आपला भाग म्हणायला लागला. 'मरणाच्या वेळी' या शब्दांपर्यंत पोचायच्या आतच यंत्र वाजायला लागलं. ऑक्सिजनचा आकडा एक्क्याण्णववरून ब्याऐंशी. नर्स धावत आली. मास्क खाली ओढत रागावली, "आजोबा, हात लावायचा नाही सांगितलंय ना?"

ती गेली. अंतोनचं बोट अजून त्याच मण्यावर.

आता हे नीट ऐका, कारण याकोब हेच रोज ऐकतो. वॉर्डात कोणी ओळखीचं नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपला होता. मंडळीतलं कोणी नव्हतं, पाळक नव्हते, बाप मरून तीस वर्षं झाली होती. एका वाक्याचं काम होतं. पाठ होतं. म्हटलं असतं तर अंतोननं मास्कला हात लावला नसता. ते वाक्य याकोबच्या जिभेवर आलं, आणि तिथंच त्याला आठवलं की जे पटत नाही त्यावर मकासरे सही करत नाही.

त्यानं काय केलं? पुढचा मणी घेतला. परत देवदूताचे शब्द म्हणाला आणि गप्प बसला. अंतोननं परत मास्क वर केला. परत यंत्र वाजलं, परत नर्स आली. तिसऱ्यांदा अंतोनचा हात उचलला गेला तो निम्म्यातूनच खाली पडला. मग याकोबनं उरलेले मणी एकट्यानंच ओढले. पहिला भाग, गप्प, पहिला भाग, गप्प. मनाची समजूत घातली की मधे जागा सोडतोय ना आपण, त्याच्यासाठी. अंतोन शेवटी छताकडं बघायला लागला. सहा वाजता सिक्युरिटीवाला आला, "चला, वेळ संपली." याकोब म्हणाला, "उद्या येतो रे." अंतोन बोलायच्या अवस्थेत नव्हता, त्यामुळं काही म्हणाला नाही, असं याकोब धरून चालतो.

सकाळी सात वाजता पूनमचा फोन आला.

मास्क काढला म्हणून काही वेगळं झालं नाही, तसंही एक-दोन दिवसच होते, असं डॉक्टर म्हणाले. ते फुफ्फुसांविषयी बोलत होते.

खरा मार तर पुढं बसला. त्या नर्सनं पूनमला सांगितलं होतं, एक काका शेवटच्या संध्याकाळी तासभर आजोबांजवळ बसून तुमची प्रार्थना म्हणत होते. पूनमनं त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. सातव्या दिवसाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, फादर वेदीवरून म्हणाले, की आपला एक प्रोटेस्टंट भाऊ मित्राच्या मरणाच्या वेळी त्याच्या बाजूनं मरियामातेला विनवत होता, यापरतं प्रेम कुठलं? शेवटच्या बाकावर याकोब बसलेला. बाहेर आल्यावर बायका त्याच्या पाया पडल्या. एका म्हाताऱ्यानं त्याचे हात डोळ्यांना लावले. याकोब "अहो, नाही, तसं नाही" म्हणत राहिला आणि लोकांना तो त्याचा मोठेपणा वाटला.

गोष्ट फिरत फिरत त्याच्या मंडळीत पोचली. रविवारी उपासनेनंतर पाळक रेव्हरंड उजागरेंनी पंचांसमोर विचारलं. "याकोबराव, आम्ही ऐकतोय ते खरं का? तुम्ही मरियेची प्रार्थना केलीत?"

तिथं खरं बोलायला त्याला सेकंदही लागला नाही. "मी फक्त शास्त्रातले शब्द म्हटले. पुढचं एक अक्षर नाही. तो डोळ्यांनी मागत होता, तरी नाही."

"शाबास!" एक पंच म्हणाला. दुसऱ्यानं पाठ थोपटली. रेव्हरंडांनी पुढच्या रविवारी नाव न घेता उपदेशातही घातलं, की विश्वासात टिकणारे असे असतात, मित्राचे अश्रूही त्यांना हलवू शकत नाहीत.

घरी आल्यावर सुमननं पदराला हात पुसत म्हटलं, "छान झालं. म्हटलं म्हणून तिकडं हार, नाही म्हटलं म्हणून इकडं हार. दोन्ही घालून फिरा आता."

"मी कोणाला खोटं सांगितलं का?"

"पूनमला खरं सांगितलं का?"

याकोब ओरडला. ताट सरकवलं. रागावायला त्याला कधीच कारण लागत नव्हतं, आणि आज तर होतं. पण त्या दिवसापासून तो भाजीला लांबच्या रस्त्यानं जायला लागला.

शेवटी पूनमनंच फोन केला. "काका, येत्या रविवारी पपांच्या महिन्याची मिस्सा आहे. तुम्ही दोन शब्द बोलायचेत. शेवटच्या संध्याकाळी पपा कसे होते, ते तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

आता पळायला जागा नव्हती. शनिवारी दुपारी तो त्या गल्लीत शिरला.

पूनम एकटीच होती. बापाचे कपडे घड्या घालून पिशव्यांत भरत होती. मशीन परत गेलं होतं, त्यामुळं खोली नको इतकी शांत वाटत होती. "जय ख्रिस्त, काका. बसा. चहा टाकते."

"चहा नको. आधी ऐक."

त्यानं सगळं सांगितलं. कराराचं, मण्याचं, मास्कचं, एक्क्याण्णवचं आणि ब्याऐंशीचं. काही गाळलं नाही. कामगारांच्या सभेत शब्दाला शब्द जोडत जाणारा माणूस, त्याला इथं एकेक वाक्य ढकलावं लागत होतं. पूनमच्या हातात अंतोनचा कंपनीचा निळा शर्ट होता. तिनं त्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

"किती वेळा काढला त्यांनी मास्क?"

"दोनदा. तिसऱ्यांदा हात पोचला नाही."

ती खाली बसली. "काका, त्या दिवशी मी सातवीचे पेपर तपासत होते. बेचाळीस पेपर. एका दिवसानं उशिरा दिले असते तर काही आकाश कोसळत नव्हतं. महिनाभर स्वतःला एवढंच सांगत झोपते, की मी नव्हते पण कोणीतरी होतं. पपांना कोणीतरी उत्तर देत होतं."

याकोबला हे सुचलंच नव्हतं. तो इतके दिवस आपल्याच ओझ्याचा हिशेब करत होता, ते कुठं नेऊन टाकायचं एवढंच बघत होता. आता त्यानं ते आणून टाकलं होतं, ते या पोरीच्या मांडीवर.

"मला माफ कर, पोरी."

"मी कशी करू? मास्क मी नव्हता काढला."

"त्याच्या वतीनं कर."

पूनमनं मान वर केली. डोळे कोरडे होते आणि आवाज बापासारखाच हळू होता. "तुमच्यात मधलं माणूस लागत नाही ना, काका? मग पपांशी थेट बोला. माझ्याकडं का आलात?"

बत्तीस वर्षांत साहेबानं, वकिलानं, पाळकानं त्याला गप्प बसवलं नव्हतं. त्यानं पायाशी पडलेली एक पिशवी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "माझा आवाज त्याच्यापर्यंत जाणार नाही आता. तुझा जाईल. माझ्यासाठी तेवढं सांग त्याला."

बोलून झाल्यावर आपण काय मागितलं ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. पूनमलाही आलं असणार. पण ती हसली नाही, टोमणाही मारला नाही. उठली, टेबलावरची जपमाळ घेतली आणि बापाच्या खुर्चीत बसली. याकोब समोरच्या खुर्चीत सरसावून बसला. या वेळी तो तयार होता. पटतंय का नाही याचा विचार नंतर बघू, असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. पूनमनं देवदूताचे शब्द म्हटले. याकोबनं श्वास घेतला, तोंड उघडलं.

तिनं जागाच सोडली नाही. पहिल्या भागाला लागूनच, त्याच श्वासात, तिनं दुसरा भाग म्हटला आणि मणी पुढं सरकवला. पुढच्या मण्यालाही तसंच. तिला दम लागत नव्हता. तिचा आवाज चांगला होता, लांब टिकणारा. पन्नास मणी संपेपर्यंत याकोब मकासरे अर्ध्या उघड्या तोंडानं तिच्यासमोर बसून राहिला.